मधल्या घरातून गेलेलं लोणचं

घराचं भाडं इतकं कमी का, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. नवऱ्याला खटकत नव्हतं. त्याला काहीच खटकत नाही. तो म्हणाला, "अगं, खेडं आहे, घर जुनं आहे, कोण येणार इथे राहायला? स्वस्तच असणार." मी म्हटलं, स्वस्त आणि जवळजवळ फुकट यात फरक असतो. पुण्यात कोणी असं घर देऊ केलं असतं तर माझ्या आईने आधी विचारलं असतं, "आत कोणी लटकलं-बिटकलं होतं का?" मीही तेच विचारलं, जरा सभ्य जपानीत. एजंट हसला आणि म्हणाला, तसं काही नाही. तो हसला म्हणून माझा संशय आणखी वाढला.

आम्ही आधी त्सुकुबा शहरात राहायचो. नवरा तिथल्या एका संशोधन संस्थेत, मी आठवड्यातून तीन दिवस एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायला. फ्लॅट चांगला, रस्ते सरळ, सगळं आखीवरेखीव. फक्त आमची मुलगी तिथल्या मोठ्या शाळेत गेली आणि बोलायची थांबली. म्हणजे अगदी थांबली. मराठी नाही, जपानी नाही, इंग्रजी नाही. मान हलवायची, बोट दाखवायची. डॉक्टर म्हणाल्या, लहान शाळा बघा. म्हणून आम्ही त्सुकुबापासून गाडीने तासाभराच्या आत, डोंगराच्या पोटाशी असलेल्या या वाडीत आलो. इथल्या शाळेत सगळे वर्ग मिळूनसुद्धा मुलं एका बसमध्ये मावायची. महिनाभरात पोरगी घरी येऊन बेडकांबद्दल बडबडायला लागली. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची. कुठल्या का भाषेत होईना, बोलत होती. पहिल्यांदा ती जेवताना माझं वाक्य तोडून मध्येच बोलली, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

तर मला त्या घराचा सोस नव्हता. ते थंडीत गारठायचं, पावसात कुबट व्हायचं आणि त्याचं एकही दार धड सरकत नव्हतं. पण ते घर सुटलं असतं तर ती शाळा सुटली असती, आणि शाळा सुटल्यावर काय झालं असतं ते मी एकदा बघितलं होतं.

वाडीत जेमतेम दहा-बारा घरं. जवळजवळ सगळ्यांचं आडनाव एकच. त्यामुळे आडनावाचा कोणाला उपयोग नाही, घरांना नावं आहेत. उतारावर सगळ्यात वर ते वरचं घर, त्याच्या खाली आमचं, ते मधलं घर, आणि त्याच्या खाली खालचं घर. आम्ही भाडेकरू, तेही परदेशी, पण पहिल्या दिवसापासून आम्ही "मधले". मला हे सगळं ओळखीचं वाटलं. बाबांच्या कोकणातल्या गावीही घरं अशीच ओळखली जायची, आणि वरच्या-खालच्यांत भाऊबंदकी इतकी, की एका फणसापायी दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला गेल्या नव्हत्या. बाबा गाव सोडून पुण्याला आले ते त्यालाच कंटाळून. आणि मी समुद्र ओलांडून कुठे आले, तर तिथेच! फक्त हे कळायला मला थोडा वेळ लागला.

पहिली गोष्ट खटकली ती फिरत्या पाटीची. इथे वाडीच्या सूचना एका क्लिपबोर्डाला लावून घरोघरी फिरवतात. काइरानबान म्हणतात त्याला. कचऱ्याचे वार बदलले, रस्ता झाडायचा आहे, डोंगरात रानडुक्कर दिसलं, असलं सगळं त्यावर. वाचायचं, आपला शिक्का मारायचा, शेजारच्या घरी द्यायचं. वाडीचे प्रमुख मला समजावायला आले. सत्तरीतले गृहस्थ, तोंड सतत हसरं आणि डोळे सतत दुसरीकडे. म्हणाले, "वरच्या घरून तुमच्याकडे येईल, तुम्ही खालच्या घरी द्यायचं."

"आणि आम्ही नव्हतो तेव्हा? घर तर रिकामं होतं ना?"

"तेव्हाही इथेच यायचं." त्यांनी आमच्या फाटकावरचा एक गंजका आकडा दाखवला. "वरचे इथे अडकवून जायचे, खालचे येऊन घेऊन जायचे."

रिकाम्या घराला सूचना! वरच्या घरातून खालच्या घरातले वाळत घातलेले कपडे दिसतात, इतकं जवळ. मग मध्ये आकडा कशाला? मी विचारलं. प्रमुख डोंगराकडे बघत म्हणाले, "जुनी पद्धत आहे, ओकुसान." ओकुसान म्हणजे वहिनी म्हणा हवं तर. जुनी पद्धत म्हटलं की माझे कान टवकारतात. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. तो म्हणाला, छतातून मुरतंय, उद्या बघतो.

वरच्या घरात एक आजी राहायच्या, ऐंशी ओलांडलेल्या, कमरेत वाकलेल्या. त्या त्याच घरातल्या लेक. नवरा घरजावई होता, तो कधीच वारला. खालच्या घरात एक आजोबा, साधारण त्यांच्याच वयाचे, काटक, एकटेच. दोघांची मुलं शहरात. दोघंही माझ्याशी फार चांगली वागायची, आणि मला तेच संशयास्पद वाटायचं. आजी कधी भोपळा ठेवून जायच्या, कधी उकडलेल्या शेंगा. आजोबा मुळे आणून द्यायचे, लांबलचक, मातीसकट. आणि देता देता आजी सहज म्हणायच्या, "काल खाली पांढरी गाडी आली होती नाही? मुलगा असेल का?" आजोबा म्हणायचे, "वर हल्ली दिवा लवकर जातो. तब्येत बरी नाही वाटतं?" एकमेकांचं नाव नाही, 'त्या', 'ते' नाही. नुसतं वर आणि खाली.

म्हणजे भोपळा फुकटचा नव्हता तर! मला बोलतं करत होते. मी मूग गिळून बसायचे. "हो का? मला काही कल्पना नाही बाई," असं जपानीत जितकं बावळटपणे म्हणता येईल तितकं म्हणायचे. तरी दोघंही माझ्या चेहऱ्याकडे अशी बघायची, जणू मी दुसऱ्या घरचं काहीतरी लपवतेय.

एकदा माझी कचऱ्याची पिशवी परत आमच्या फाटकाशी आली. आत काचेची बरणी गेली होती, चूक माझीच. पण ती पिशवी उचलून, उघडून, बघून परत कोणी आणली? मी कोणाला विचारलंही नव्हतं. तरी आजी येऊन म्हणाल्या, "खालच्या माणसांची नजर फार बारीक असते." दुपारी आजोबा म्हणाले, "वरून सगळं दिसतं हो." कोणी आणली ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर मी कचरा टाकायला जाताना आधी वर बघायचे, मग खाली बघायचे. पडदा हललेला दिसायचाच. कधी वरचा, कधी खालचा.

भातशेतांच्या पाटाच्या वळणावर जिझोची एक दगडी मूर्ती आहे, मुलांना सांभाळणारा देव म्हणतात त्याला. त्याच्या गळ्यात नेहमी दोन लाळेरी असायची, एकावर एक. मला वाटायचं, थंडी वाजू नये म्हणून. मग लक्षात आलं की एक वरच्या आजी बांधतात आणि एक खालचे आजोबा, आणि दोघंही आपलं वर यावं म्हणून बघतात. देवालासुद्धा मधल्या घरातला करून ठेवला होता.

शेवटी मला गोष्ट कळली, पण दोन. पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात आजी आमच्या ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या. म्हणाल्या, मी लहान होते तेव्हा एका उन्हाळ्यात पाऊसच पडला नाही. पाट एकच, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आमची पाळी होती. बाबांनी पाटात फळी लावून पाणी आमच्या भातात वळवलं आणि घरी आले. सकाळी बघतात तर फळी नाही. खालच्याने काढली. आमचं भात वाळलं. त्या वर्षी माझ्या मोठ्या बहिणीला सुताच्या गिरणीत कामाला पाठवलं, ती परत आली नाही. "जिझोला लाळेरं तिच्यासाठी," त्या म्हणाल्या. "आणि खालचे त्यावर आपलं बांधतात. बघा तुम्हीच, कसली माणसं."

आजोबांची गोष्ट मी काही विचारली नव्हती. मुळे धुताना त्यांनी आपणहून सांगितली. वरच्यांच्या पाळीच्या दुसऱ्या रात्री आमची पाळी होती, म्हणाले, आणि पाणी येईना. बाबा अंधारात बघायला गेले, तर वर फळी लावलेली. ती काढायला वाकले आणि घसरून दगडांत पडले. पाय गेला तो कायमचाच. आईने नवस बोलून लाळेरं बांधलं, ते मी अजून बांधतो. "पाळी नसताना फळी लावली त्यांनी. आणि वर आम्हालाच चोर म्हणतात."

फळी एकच. एकीने म्हणायचं काढली, एकाने म्हणायचं लावली. माझा दोघांवरही विश्वास बसला नाही. मनात म्हटलं, दोघांचेही बाप लबाड असणार, आमच्या गावच्या फणसासारखंच हे. सत्तर वर्षं झाली तरी यांचं आपलं चालूच!

दुसऱ्या वर्षी जानेवारीत घरमालकाचा फोन आला. ते लांब सेंदाई शहरात राहतात, निवृत्त आहेत, या घरातच जन्मले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, नुसता आवाज माहीत. मार्चअखेर करार संपत होता. मी म्हटलं, वाढवायचा आहे, मुलीचं शिक्षण आहे. ते म्हणाले, माझी हरकत नाही, पण वाडीत एक रीत आहे. वरच्या आणि खालच्या घराने हो म्हटलं पाहिजे. आधीचे भाडेकरू त्यामुळेच गेले. "दोघांपैकी एकाला जरी वाटलं की तुम्ही दुसऱ्याच्या बाजूचे आहात, तर अवघड होतं." भाडं कमी का, त्याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. आम्ही भाडेकरू नव्हतो, आम्ही बांध होतो. दोन शेतांच्या मधला.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. आजींकडे पाच मिनिटं बसले तर आजोबांकडेही पाच मिनिटं बसायचे. एकाकडे हसले तर दुसऱ्याकडे तेवढंच हसायचे. नवरा म्हणायचा, "तू वेडी होशील अशाने." मी म्हणायचे, तू नको होऊस, एकाने शहाणं राहिलेलं बरं.

आणि एवढं सगळं सांभाळून मी माती खाल्ली ती आपल्या घरच्या वळणाने. झालं असं, की आजोबांचा एक प्लास्टिकचा डबा माझ्याकडे राहिला होता, मुळ्याच्या भाजीचा. फेब्रुवारीत बर्फ पडून रस्ता बंद, घरात वाणसामान संपत आलेलं, आणि आजोबा फाटकाशी येऊन उभे. "डबा असला तर द्या, रस्ता उघडला की मुलगा येतोय, त्याच्याबरोबर काही पाठवायचं आहे." आता रिकामा डबा परत कसा द्यायचा? लहानपणापासून आईने हेच शिकवलंय. शेजारचं भांडं रिकामं जात नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घाल, पण घाल. घरात साखरही नव्हती. फ्रीजमध्ये आजींनी दिलेलं मुळ्याचं लोणचं होतं, पिवळं, भरपूर. दहा-बारा चकत्या घातल्या, झाकण लावलं, दिलं. ते "अरिगातो" म्हणून उतरून गेले. मी दार लावलं आणि बिनसाखरेचा चहा टाकला. चहा उकळेपर्यंत मला कळलंसुद्धा नाही की मी काय केलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा परत फाटकाशी. हातात तोच डबा. चेहरा ओढलेला.

"हे कोणी घातलं?"

मी म्हटलं, "मी... म्हणजे घरात होतं."

"तुम्ही नाही केलेलं. यात पर्सिमनच्या फळांची सालं आहेत, वाळवलेली. हे असं एकाच घरात घालतात." ते माझ्याकडे बघत नव्हते, वर बघत होते. "मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांच्या चुलीपाशी बसून हे खाल्लंय. त्यांनी पाठवलं?"

आता काय सांगू? हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर मी आपल्याच मनाने एका घरचं लोणचं दुसऱ्या घरी पोचवलं असं झालं. मी गप्प राहिले. माणसं गप्प राहिली की समोरचा आपल्याला हवं ते ऐकतो, हे मला माहीत असायला हवं होतं. आजोबा वळले आणि निघून गेले.

त्यानंतर फिरती पाटी यायची बंद झाली.

आधी मला वाटलं, बर्फामुळे उशीर. मग एका सकाळी मी कचरा टाकायला गेले तर तिथे माझी एकटीची पिशवी. वार बदलला होता, सूचना सगळ्यांना गेली होती, फक्त मला नाही. मी पिशवी तशीच उचलून घरी आणली. दोन्ही पडदे स्थिर होते, आणि ते मला हलण्यापेक्षा जास्त भयंकर वाटलं. पुढच्या आठवड्यात मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, आजी काठी टेकत टेकत उतारावरून खाली चालल्या होत्या, काखेत पाटी. आमच्या फाटकासमोरून गेल्या. आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खालच्या घरी.

सत्तर वर्षांत ज्या बाईने त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, ती बाई माझ्यासमोरून गेली! आणि मला आनंद झाला का? छे! माझ्या अंगावर काटा आला. मी ऑफिसातल्या एका जपानी मुलीला विचारलं, पाटी यायची बंद झाली तर त्याचा अर्थ काय? ती गडबडली आणि म्हणाली, जुन्या काळी वाडी एखाद्या घराला वाळीत टाकायची, आता तसं नसतं. आता तसं नसतं हे वाक्य मी गाडी चालवताना घरापर्यंत घोळवत आले. दोघं एक झाले होते, आणि माझ्याविरुद्ध झाले होते. याहून सरळ हिशेब काय असणार?

मार्च लागला आणि वाडीप्रमुख आले. या वेळी हसरं तोंडही नव्हतं. "रविवारी सभागृहात या, ओकुसान. वरच्यांना आणि खालच्यांना तुम्हाला काही विचारायचं आहे. घराचंही त्यातच बोलू." रात्री जेवताना नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं, "त्सुकुबात फ्लॅट बघायला लागायचं का?" मुलीने वर बघितलं. जपानीत विचारलं, "आपण परत जाणार?" मी म्हटलं, नाही गं, अजून काही ठरलेलं नाही. ती पुढे काही बोलली नाही. बोट दाखवून वरण मागितलं. मी ते बोट बघितलं आणि ठरवलं, रविवारी काय व्हायचं ते होऊ दे, ऐकून घ्यायचं नाही.

सभागृह म्हणजे एक चटयांची खोली, मध्ये बुटकं टेबल, रॉकेलचा हीटर. आजी आणि आजोबा एकाच बाजूला बसले होते, पण एकमेकांकडे न बघता, दोघंही समोर. प्रमुख कोपऱ्यात चहा ओतत होते. मी बसले. आजींनीच सुरुवात केली.

"तुम्ही खाली जाऊन काय सांगितलंत?"

"आणि वर काय सांगितलंत?" आजोबा म्हणाले.

बस्स. डोक्यात सणक गेली. दोन वर्षं जीभ चावून बसले होते ते सगळं बाहेर आलं, अर्धं जपानीत, मध्ये मध्ये मराठीतसुद्धा. मी म्हटलं, "काही नाही सांगितलं! दोन वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तुम्ही दोघांनी मला भोपळे आणि मुळे देऊन विचारत राहायचं, आणि मी बावळट होऊन बसायचं. लोणचं मी घातलं. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत, माझ्या आईने शिकवलंय. घरात साखर नव्हती म्हणून लोणचं घातलं. एवढंच! यात कट नाही, निरोप नाही, बाजू नाही. मला तुमच्या फळीशी काही देणंघेणं नाही. माझी मुलगी इथे बोलायला लागली, मला फक्त तेवढं हवं आहे." आणि शेवटी रडायला आलं, ते मला अजिबात नको होतं.

प्रमुखांनी चहाचा कप आणि चमचा माझ्यापुढे सरकवला. हीटर घुरघुरत होता. मग आजोबा म्हणाले, "साखर नव्हती म्हणून?"

"हो."

ते आजींकडे वळले. मी त्यांना एकमेकांकडे बघताना पहिल्यांदा बघितलं. "म्हणजे मधल्या घरातून वरची वस्तू खाली पोचली ती अशी," ते म्हणाले. "चुकून."

मग त्यांनी सांगितलं. लोणचं खाल्ल्यावर त्यांना वाटलं, मधले आता काहीतरी खेळ करतायत. विचारायला ते वर गेले, दारातूनच ओरडून भांडायच्या तयारीने. आजी दारात आल्या आणि म्हणाल्या, मी काही पाठवलं नाही, आणि तुमच्याकडून तरी कधी काय आलं? ते म्हणाले, आलं कसं नाही? त्या कोरड्या वर्षी शरदात माझ्या आईने पर्सिमनची टोपली पाठवली होती, भांडण मिटवू म्हणून. मधल्या घरच्याच्या हाती. तो परत येऊन म्हणाला, वरच्यांनी पाटात फेकली.

"टोपली आलीच नाही," आजी म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बोलत होत्या. "तो रिकाम्या हातांनी आला. म्हणाला, खालचे म्हणतात, तुम्हाला परत पाणी मिळू देणार नाही."

आजोबांनी टेबलावरचे तीन कप उतारासारखे ओळीने मांडले आणि माझ्या चमच्याची फळी केली. वरच्या कपाशी चमचा ठेवला. "इथून काढली, असं या म्हणतात." चमचा उचलून मधल्या कपाशी ठेवला. "माझ्या बापाला अंधारात वर फळी दिसली. आमच्या वर म्हणजे कुठे? आमच्या वर मधलं घर." चमचा तिथेच राहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी दोघांच्या बापांना लबाड म्हणत होते आणि फळी आडवी पडली होती माझ्याच परसात.

"त्या वर्षी एकाच घरात भात पिकलं," आजी म्हणाल्या. "आम्ही म्हणायचो, बिचारे, कोणाच्या अध्यातमध्यात नसतात."

खरं काय ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही. वरचे-खालचे एकमेकांशी बोलत नव्हते, जे ऐकायचे ते मधल्याच्या तोंडून ऐकायचे, आणि मधल्याचा मुलगा, म्हणजे आमचा घरमालक, सेंदाईला जाऊन राहिला होता आणि म्हणत होता, दोघांनी हो म्हटलं पाहिजे. त्याला ठाऊक होतं का? मला विचाराल तर ठाऊक असणार. नवरा म्हणतो, उगाच काहीतरी. पण आजींची बहीण त्या गिरणीतून परत आली नाही आणि आजोबांचे वडील मरेपर्यंत लंगडले, तेव्हा उगाच काहीतरी असं मला म्हणवत नाही. मला त्या दोघांकडे बघून इतका संताप आला, आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना.

"मग पाटी?" मी विचारलं. "मला पाटी का बंद केलीत?"

दोघं गोंधळली. आजी म्हणाल्या, "मीच थेट नेऊन देत होते. मधून द्यायचं नाही असं ठरवलं ना आम्ही." मग त्यांच्या लक्षात आलं. "अगं बाई. तुझ्याकडे द्यायचीच राहिली."

प्रमुखांनी घसा साफ केला आणि घराचं काढलं. आजोबा म्हणाले, "सेंदाईला मी कालच फोन केलाय. सांगितलं, लोणच्याचं काहीही असो, यांना हो आहे. आणि यापुढे मधल्या घरात कोण राहील ते आम्हाला विचारायची रीत बंद." पलीकडून काय म्हणाले, असं मी विचारलं. "बराच वेळ काही नाही म्हणाले," आजोबा म्हणाले. "मग म्हणाले, ठीक आहे."

निघताना आजींनी पिशवीतून एक झाकणाचं भांडं काढून माझ्या हातात ठेवलं. मी सवयीने विचारलं, हे खाली द्यायचं का? त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. "हे तुझ्या मुलीला. पुढे द्यायचं नाही."

घरी आले तर पोरगी दारातच उभी होती. नवऱ्याने विचारायच्या आधी तिने भांड्याकडे बघितलं. दोन वर्षांत तिने एवढंच पाहिलं होतं, की आमच्या घरात जे येतं ते कुठेतरी जायचं असतं. विचारलं, "हे कुणाकडे द्यायचंय?" मराठीत विचारलं. मी म्हटलं, कुणाकडे नाही, आपलं आहे, आपण इथेच आहोत. तिने झाकण काढलं, एक पिवळी चकती तोंडात कोंबली आणि तोंड भरलेलं असतानाच बेडकांचं काहीतरी सांगायला लागली.